चार बोटं कापड

बाजाराच्या मागच्या बोळात तीन पायऱ्या खाली उतरलं की काचवालीचं दुकान. उतरताना डोकं वाकवावं लागतं. ज्यानं वाकवलं नाही त्याला ती आतून सांगते, "चौकट माझी, कपाळ तुमचं." आणि मग स्वतःच उठून फडकं ओलं करून आणते. तोंडाची फटकळ, पण फडकं थंडगार. तिला नावं ठेवणारे तिचं तोंड सांगतात, फडकं सांगत नाहीत.

ती फ्रेमा करते. लग्नाचे फोटो, पदव्या, गेलेल्यांचे फोटो, कुणाच्या आजोबांनी काढलेलं बोटीचं चित्र, काय हवं ते आणा. चार पट्ट्या, एक काच, मागे पुठ्ठा, वर कडी, झालं काम. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे. लहानपणी काचेनं चिरलं ते तसंच चिरलेलं वाढत राहिलं. त्या नखानं ती कागदाची कड दाबते तेव्हा इस्त्रीनं लाजावं.

शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे तिनंच सोडली. भूमितीच्या बाई म्हणायच्या, पंचेचाळीस अंशाचा कोन वहीत काढ. आणि ही बापाच्या दुकानात रोज आठ-दहा कोन करवतीनं कापून यायची. खरे, लाकडाचे, भिंतीवर टांगलेले. जो कोन टांगता येत नाही तो काढायचा कशाला, हे तिला कळेना आणि बाईंना सांगता येईना. मग संपलंच.

बापानं तिला दुकान दिलं आणि दोन नियम दिले. पहिला, गिऱ्हाइकाच्या मालाला कात्री लावायची नाही. पट्टी कापा, काच कापा, पुठ्ठा कापा, पण जे आत जायचं आहे ते अख्खं जाईल. दुसरा, काचेमागे सुरकुती जाता कामा नये. एकदा सुरकुती गेली की लोक वीस वर्षं चित्र बघत नाहीत, सुरकुतीच बघतात.

दुसऱ्या नियमावर तर तिचं नाव झालं. कुणाची पदवी भिजून वाकडीतिकडी झाली, कुणाच्या जुन्या नकाशाला सोळा घड्या पडल्या, की लोक म्हणायचे, काचवालीकडे टाक. ती पाण्याचा बारीक फवारा मारायची, टीपकागदात घालायची, वर जाड फळी, फळीवर दोन लोखंडी वजनं, आणि दोन दिवस तिकडे ढुंकून बघायची नाही. तिसऱ्या दिवशी माल पाटीसारखा सपाट. तरी बाईचं समाधान नसायचं. दिवा आडवा धरायची, डोळा कागदाच्या पातळीला आणायची, आणि घडीची जागा दिसायचीच. केसाएवढी बारीक. "घडी मोडता येते, विसरवता येत नाही," असं पुटपुटत चरफडायची. जन्मात तिनं कुणाचा खरा राग केला असेल तर त्या केसाएवढ्या रेषेचा.

आणि चित्रं? चित्रं ती बघायचीच नाही. आज काय केलंस, असं नवऱ्यानं विचारलं की सांगायची, एक दीड बाय दोन, एक जुना मोठा केलेला, एक अंडाकृती. अंडाकृतीत कोण होतं हे तिला विचारू नये. तेहतीस वर्षं लोकांचे जीव की प्राण तिच्या हातून भिंतीवर गेले आणि तिनं त्यांच्या कडा बघितल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वर-खाली करायचं आणि घरी आलं की आडवं व्हायचं. माणूस उंच, गरीब स्वभावाचा, बोलायला घाई नाही. दोघांचं बरं चाललंय, कारण ती दोघांच्या वाटचं बोलते.

आता सिस्टरबद्दल सांगायला हवं. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातली नर्स, आता निवृत्त. अडतीस वर्षं एकाच वॉर्डात. काचवालीचा बाप शेवटी त्याच वॉर्डात होता. निरोप आला तेव्हा काचवालीच्या हातात अर्धी कापलेली काच होती. ती टाकून धावली, तरी पोचेपर्यंत बाप गेलेला. खाटेशेजारी सिस्टर बसली होती, त्याचा हात हातात घेऊन. "एकटे नव्हते," एवढंच म्हणाली आणि उठली. त्या दिवसापासून सिस्टरनं दिवसाला रात्र म्हटलं तर काचवालीनं कंदील लावला असता. हे ऋण तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. सिस्टरलाही नाही. मनात ठेवलं, बस.

दोन वर्षांपूर्वी सिस्टरचा नवरा गेला. आठ महिने अंथरुणावर होता. तो गेल्यावर सिस्टर वाचनालयाच्या वरच्या खोलीत चालणाऱ्या चित्रकलेच्या वर्गाला जायला लागली. तिथं मिक्स मीडिया शिकवायचे. म्हणजे रंगाबरोबर कापड, कागद, दोरा, पत्रा, काय सापडेल ते एकाच चित्रात लावायचं. काचवालीला हे कळलं तेव्हा तिनं विचारलं होतं, म्हणजे घरातला कचरा आणि डिंक का? सिस्टर हसली. म्हणाली, साधारण तसंच.

तर एका शनिवारी सिस्टर एक मोठा बोर्ड चादरीत गुंडाळून घेऊन आली. दुकानात तेव्हा एक नवरा-बायको पट्टीच्या रंगावरून भांडत होते. तिला सोनेरी हवी, त्याला काळी, आणि दोघं काचवालीला साक्षीला ओढत होते. त्या गडबडीत सिस्टर दोनच गोष्टी बोलली. हॉस्पिटलच्या मोठ्या पडवीत पुढच्या शनिवारी वर्गातल्या लोकांची चित्रं लागणार आहेत. आणि, "जसं आहे तसं बसव."

आता हे "जसं आहे तसं" प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. आणि नंतर तेच गिऱ्हाईक बोट दाखवतं, इथं जरा फुगलंय का हो? काचवालीनं मान हलवली.

रविवारी दुकान बंद, म्हणजे निवांत काम. तिनं बोर्ड टेबलावर घेतला. साडेचार फूट बाय तीन. कडेनं तापाचे तक्ते कापून चिकटवलेले, त्यावर औषधांच्या रिकाम्या पट्ट्यांचा चंदेरी पत्रा, वरच्या कोपऱ्यात खिडकीसारखा एक्स-रेचा तुकडा. आणि मधोमध एक पांढरं सुती कापड, चारी बाजूंनी टाचलेलं. आणि काय कापड ते. सगळं चुरगळलेलं, इथं वर आलेलं, तिथं खड्ड्यात गेलेलं, वर खळ लागून कडक झालेलं. काचवालीला वाईट वाटलं. बिचारीला या वयात नीट ताणता आलं नसेल. हात थरथरत असतील. आणि हे असं पडवीत लागणार, जिथं तिच्याच हाताखालच्या पोरी बघणार.

म्हणून तिनं काय केलं, तर जे तिला सगळ्यांत चांगलं येतं ते केलं. टाके एकेक करून उसवले. कापड वेगळं काढलं. फवारा मारला, खळ विरघळू दिली, टीपकागद, फळी, वजनं. ज्या माणसाचं ऋण आहे त्याच्यासाठी एक वजन जास्तच ठेवलं.

मंगळवारी सकाळी कापड निघालं. पाटीसारखं. तिनं ते परत टाचायला घेतलं तर एका बाजूनं चार बोटं कापड जास्त व्हायला लागलं. साहजिक आहे, सुरकुत्यांत गेलेलं कापड बाहेर आलं. दुसरा कुणी असता तर कात्री घेऊन मोकळा झाला असता. बापाचा पहिला नियम आठवून तिनं ते चार बोटं मागे दुमडलं, कड अंगठ्यानं दाबली, आणि असं टाचलं की ढोलासारखं वाजावं. लांब उभी राहून बघितलं आणि खूश झाली.

दुपारी सिस्टरचा फोन आला. आवाज नेहमीचा, शांत. म्हणाली, एक सांगायचं राहिलं. काच कापडाला टेकता कामा नये. "ह्यांच्या अंगाच्या सुरकुत्या आहेत गं त्या. गेले त्या सकाळच्या. मी चादर ओढली नाही, तशीच खळ लावून धरून ठेवली. दबल्या तर परत कुठून आणू?"

काचवालीनं "हो" म्हटलं. फोन ठेवला. मग स्टुलावर बसली आणि बराच वेळ त्या सपाट कापडाकडे बघत राहिली. ते चार बोटं कापड म्हणजे तो माणूस होता. आणि तिनं त्याला मागे दुमडून टाचला होता.

ती रडली वगैरे नाही. तिचं तसं नसतं. ती आधी स्वतःला चार शिव्या देते आणि मग हात चालवते. शनिवारला चार दिवस होते. तिनं ठरवलं, आपणच सुरकुत्या करायच्या. कापडाला हात लावण्याआधी दुसऱ्या कापडावर करून बघायचं. घरातली जुनी चादर फाडली, खळ शिजवली, कापड बुडवलं, चुरगळलं आणि पसरलं. वाळल्यावर बघितलं तर ते बादलीतून काढलेल्या धुण्यासारखं दिसत होतं. परत केलं. आता बोटांनी चिमटे काढून काढून. ते पडद्यासारखं झालं. तिसऱ्यांदा केलं, ते तर पिशवीतून आणलेल्या कणकेसारखं. तिला पहिल्यांदा कळलं की सुरकुती म्हणजे नुसता चोळामोळा नव्हे. प्रत्येक सुरकुती कुठून तरी निघते आणि कुठे तरी जाते. तिच्यामागे वजन असतं. वजन नसेल तर ती खोटं बोलते आणि ते लगेच दिसतं.

बुधवारी नवऱ्याची सुट्टी. तो जेवून जरा टेकायच्या बेतात होता. तिनं पलंगावर प्लॅस्टिक घातलं, वर खळीत भिजवलेलं कापड घातलं आणि त्याला म्हणाली, "झोपा यावर."

तो कापडाकडे बघत उभा राहिला. "ओलं आहे."

"माहितीये."

"काय झालंय?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, एका दमात. ऐकून घेऊन तो शर्ट काढत म्हणाला, "म्हणजे मेलेल्या माणसाची जागा आहे ही. मी उठेन ना परत?"

"नाही उठलात तर तुमच्या सुरकुत्या धरून ठेवीन. झोपा."

तो झोपला. अंगाला गार लागतंय म्हणून थोडा कुरकुरला आणि मग खरोखरच झोपला. उजव्या कुशीवर, एक गुडघा वर, एक हात उशीखाली. ती शेजारी स्टूल घेऊन बसली, कोपरं पलंगाच्या कडेला टेकली, हनुवटी हातात घेतली आणि बघत राहिली. बघायचं कापड होतं, पण कापडावर तो होता. बावीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला असं तासभर कधी बघितलं नव्हतं. तो झोपेत गुडघा हळूहळू पुढे सरकवतो, हे तिला माहीत नव्हतं. गुडघा सरकला की कमरेपाशी कापडाची एक लांब वळी उठते आणि खांद्याकडे जाते. टाच दोनदा घासतो, तिथं बारीक पंखा होतो. जिवंत माणसाचं लिहिणंच म्हणा ते. सही केल्यासारखं.

खळ जरा धरल्यावर तिनं त्याला उठवला. तो अंगाला चिकटलेला धागा सोडवत आंघोळीला गेला. आणि तिनं कापड वाचलं. हा गुडघा, ही कंबर, ही टाच. सगळं लागलं. फक्त कडेला दोन चांदण्यांसारख्या सुरकुत्या होत्या, मध्ये खड्डा आणि चहूबाजूंनी रेषा. त्या काही केल्या त्याच्यात बसेनात. ती पुन्हा स्टुलावर बसली तेव्हा उलगडा झाला. तिची कोपरं बरोबर त्या दोन खड्ड्यांत गेली.

त्याच वेळी तिला आणखी एक गोष्ट पक्की कळली. हे नवऱ्याचं कापड होतं. कितीही चांगलं झालं तरी ते याचंच राहणार. सिस्टरच्या माणसाच्या जागी आपला माणूस झोपवून त्याच्यावर फ्रेम चढवायची, म्हणजे ज्या बाईनं बापाचा हात धरला तिच्या हातात परक्याचा हात द्यायचा. नाही जमणार.

गुरुवारी सकाळी तिनं दुकान उघडलं नाही. बोर्ड उचलला आणि सिस्टरच्या घरी गेली. वाटेत दहा वाक्यं तयार केली होती. दारात एकही आठवलं नाही.

"मी सपाट केलं," ती म्हणाली.

सिस्टरनं बोर्ड टेबलावर ठेवला. वरचं फडकं काढलं. बघितलं. मग तळहात कापडावर ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, अगदी सावकाश. जसा ती वॉर्डात खाटेवर फिरवायची. काचवालीला वाटलं, आता हिनं मला हाकलून द्यावं. म्हणजे निदान काहीतरी होईल.

"सुरेख ताणलंयस," सिस्टर म्हणाली. आणि खुर्चीत बसली.

मग तिनं जे सांगितलं ते काचवालीनं खाली मान घालून ऐकलं. अडतीस वर्षं सिस्टर सुरकुत्यांची वैरीण होती. पडून असलेल्या माणसाच्या पाठीखाली सुरकुती राहिली तर ती कातडीला चावते, जखम होते, आणि ती जखम भरत नाही. नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी तेच शिकवायची, औषध नंतर. चादर ओढताना एक सुरकुती राहिली तर अख्खी खाट परत करायला लावायची. पोरी तिला पाठीमागे इस्त्री म्हणायच्या. आणि स्वतःचा नवरा शेवटचे चार दिवस सुरकुत्यांत पडला होता. हलवलं की कळवळायचा. "राहू दे," म्हणायचा. तिनं राहू दिलं. तो गेल्यावर खोलीत परत आली, सवयीनं हात चादरीच्या कडेला गेला, आणि तिथंच थांबला. ओढवेना.

"तेवढ्या चार दिवसांत मी काही केलं नाही गं त्यांचं. अडतीस वर्षं लोकांचं केलं. यांना तसंच ठेवलं. हे चित्र म्हणजे माझी चूक होती. ती सगळ्यांसमोर लावायची होती मला." ती किंचित हसली. "ती पण तू नीट करून टाकलीस."

काचवाली उठली, खिडकीचा पडदा ओढला आणि विचारलं, दिवा आहे का, टेबलावरचा, मान वाकणारा? सिस्टरनं आणून दिला. तिनं तो कापडाच्या कडेला आडवा धरला, डोळा खाली आणला.

आणि दिसल्या. केसाएवढ्या, पांढुरक्या, एकीतून एक निघालेल्या. कापडभर. ज्या रेषांचा तिनं तेहतीस वर्षं राग केला त्या सगळ्याच्या सगळ्या तिथं होत्या. एकही गेली नव्हती. कारण घडी विसरवता येत नाही. काचवालीनं टेबलाची कड धरली. "सिस्टर," ती म्हणाली, "खाली या. माझ्या डोळ्याच्या पातळीला. बघा."

सिस्टर गुडघे धरत वाकली. दोघी टेबलाच्या कडेला हनुवट्या टेकून बघत राहिल्या. आत्ता कुणी आलं असतं तर म्हणालं असतं, या दोघी टेबलाखाली काय हरवलंय ते शोधताहेत.

टाके परत उसवले. मागे दुमडलेलं चार बोटं कापड मोकळं झालं. ते असल्यामुळेच काम होणार होतं. कापलं असतं तर सुरकुत्यांना कापडच पुरलं नसतं. काचवालीनं मनातल्या मनात बापाला हात जोडले. खळ पातळ केली. एक हात दिवा धरायचा, दुसरा रेष उचलायचा. सिस्टर दिवा धरायची आणि काचवाली चिरलेल्या नखानं रेषेच्या दोन बाजू जवळ आणायची. जिथं रेष जास्त पांढरी तिथं घडी खोल. जिथं पुसट तिथं उथळ. कापड आपणच सांगत होतं. आणि जसजशी सुरकुती उठत होती तसतशी सिस्टर सांगायला लागली, कुणी विचारलं नसताना. ही कंबर. ही दुखरी बाजू, म्हणून सगळं वजन इकडे. ही टाच. ही मूठ, खोकला आला की चादर धरायचे. डावीकडे भिंत होती, तोंड सतत तिकडेच. मला वाटायचं माझं तोंड बघायला नको म्हणून.

गुरुवार तसा गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत डावी बाजू आणि मधला भाग झाला. मग उजवी कड राहिली.

तिथं काचवालीचं नख थांबलं. एक चांदणी. मध्ये खड्डा, चहूबाजूंनी रेषा. वीतभर अंतरावर दुसरी. आणि दोन्हींच्या मध्ये, जरा आतल्या अंगाला, ताटलीएवढा एक उथळ गोल.

"हे कसले?" सिस्टरनं विचारलं. "इकडे ते कधी वळलेच नाहीत. वळता येत नव्हतं."

काचवालीला माहीत होतं. परवाच तिनं ते स्वतःच्या पलंगावर बघितलं होतं. पण ती सांगायला गेली नाही. तिनं खुर्ची ओढली, टेबलाच्या उजव्या कडेला लावली आणि म्हणाली, "बसा. कोपरं टेका."

सिस्टर बसली. कोपरं टेकली. दोन्ही खड्ड्यांत बरोबर गेली, हातमोजा घालावा तशी.

"आता डोकं."

सिस्टरनं डोकं खाली नेलं. कपाळ त्या गोलाशी आलं. ती तशीच राहिली. काचवाली दिवा हातात धरून उभी होती आणि तिला एकदम वाटलं की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय. तिनं दिवा बाजूला वळवला.

सिस्टर तशीच, डोकं न उचलता म्हणाली, "मला वाटत होतं, मी नुसती खुर्चीत बसले होते."

"खुर्चीत होतात तुम्ही. पण वजन इकडे होतं." काचवालीनं खड्ड्याची कड नखानं दाखवली. "चार दिवसांचं वजन आहे हे, सिस्टर. एका दिवसात एवढं खोल जात नाही. मी काल करून बघितलंय. म्हणजे परवा. एकटे नव्हते ते."

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की हे आपलं नव्हे. हे तिलाच कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी दिलेलं होतं. सिस्टरलाही कळलं असावं. तिनं वर बघितलं. डोळे ओले होते, पण चेहरा खाट नीट लावून झाल्यावर वॉर्डात असायचा तसा.

सगळं तंतोतंत झालं असं नाही. खांद्यापाशी एक सुरकुती जास्त उठली. तिथं रेष नव्हती, काचवालीचा अंगठा घसरला. ती सपाट करायला गेली तर सिस्टरनं तिचं मनगट धरलं. म्हणाली, राहू दे.

फ्रेमेचा प्रश्न होताच. काचवालीनं खोल पट्टी घेतली, पेटीसारखी. काच कापली, पुसली, उचलली आणि परत ठेवून दिली. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या दुकानातून एक फ्रेम काचेशिवाय बाहेर पडली. नवऱ्यानं विचारलं, धूळ नाही का बसणार? ती म्हणाली, काच लावली की माणूस आत बघायच्या आधी स्वतःचं तोंड बघतो. धूळ बसली तर मी जाऊन झटकीन.

शनिवारी पडवीत गर्दी होती. वर्गातल्या लोकांची चित्रं एका ओळीत लावली होती, सिस्टरचं मध्ये. काचवाली सवयीप्रमाणे कडा बघत सुरुवात करत होती, कुठली पट्टी कुणी केली, कोपरा कुठे उघडलाय. मग तिच्या लक्षात आलं की आपण चित्रंही बघतोय. एका माणसानं बसच्या तिकिटांचा समुद्र केला होता. त्याच्यापुढे ती इतका वेळ उभी राहिली की नवऱ्यानं खांद्याला हात लावला.

तेवढ्यात ड्यूटीवरची एक तरुण नर्स घाईघाईनं पडवीतून चालली होती. हातात ट्रे. सिस्टरच्या चित्रासमोरून गेली, दोन पावलं पुढे गेली, परत आली. बघितलं. तिचा मोकळा हात आपोआप पुढे आला, चादरीच्या कडेकडे, बोटं पकडायच्या बेतात. आणि कडेपासून चार बोटांवर थांबला. ती तशीच उभी राहिली, हात हवेत. मग हात हळूच मागे घेतला, आणि कुणालाच ऐकवायचं नसलेल्या आवाजात म्हणाली, "कोण होतं इथं?"

सिस्टर खांबाआडून बघत होती. तिनं काचवालीचा हात पकडला आणि दाबला. काचवालीची नजर मात्र चित्राखाली चिकटवलेल्या कार्डावर गेली होती. वर्गाचा नियम होता, चित्रात काय काय वापरलंय ते खाली लिहायचं. सिस्टरच्या नीटनेटक्या, तापाच्या तक्त्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: चादर, खळ, दोरा, तापाचे तक्ते, औषधांच्या पट्ट्या, एक्स-रे. आणि त्याखाली, मागाहून, वेगळ्या पेननं: काचवालीचा अंगठा.

तिनं ते दोनदा वाचलं. मग अंगठा मुठीत लपवला, आणि नवऱ्याला म्हणाली, चला, दुकानाची वेळ झाली. दुकानाची वेळ होऊन तास झाला होता. पण तो काही बोलला नाही. त्याची तीच खोड तिला आवडते.